दहा गोळ्यांचा क्रम

काटा अगदी बरोबर निघाला, आणि नेमकी तीच पंचाईत झाली.

पूर्वाने तिसऱ्यांदा चिमट्याने वजन उचललं, पारड्यात अलगद ठेवलं आणि आकडा स्थिर होईपर्यंत वाट पाहिली. मिलिग्रॅमचाही फरक नव्हता. मस्कतमधल्या एका प्रयोगशाळेत ती नऊ वर्षं हेच काम करत होती. औषधवाल्यांचे, सोनारांचे, कॉलेजांचे काटे तपासायचे आणि ते खरे की खोटे हे सही करून कागदावर सांगायचं. नेमबाजीच्या क्लबातून बोलावणं मात्र पहिल्यांदाच आलं होतं.

"काय मॅडम, खराबी मिला क्या?" मागून आवाज आला.

"नहीं. बिलकुल ठीक है."

"झालं कल्याण!" तो माणूस स्वतःशीच पुटपुटला.

पूर्वाने वळून पाहिलं. साठीच्या आसपासचा, लांब हातांचा, पांढऱ्या दाढीचा माणूस दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. या खोलीचा ताबा त्याच्याकडे आहे एवढंच तिला सांगितलं होतं. नाव शरीफ.

"तुम्ही मराठी?"

"हर्णैचा. दापोली तालुका. आणि तुम्ही?"

"माझं माहेर चिपळूणचं."

"मग मॅडम कसली गो! बाय म्हणायला पाहिजे." त्याने स्टूल ओढून घेतलं. "आता चिपळूणची म्हणून एक काम कर बाय. काटा बिघडलाय असं लिही."

"असं कसं लिहू, चाचा?"

"त्यात काय? काट्याला कुठं बायकापोरं असतात! त्याच्यावर आळ घेतला तर रडणार कोण?"

पूर्वा हसली. पण चाचा अर्ध्यावरच हसायचे थांबले होते. गंमत निम्मीच होती.

शरीफचाचा बावीस वर्षं या खोलीत काडतुसं भरत होते. कारखान्यातली काडतुसं लाखांनी बनतात. एकात दारू कणभर जास्त पडते, दुसऱ्यात कणभर कमी. शंभर मीटरवर त्याचा कुणाला पत्ताही लागत नाही. पण हजार मीटरवर तेवढ्याच फरकाने गोळी वीतभर वर नाहीतर खाली जाते. म्हणून लांब पल्ल्याचे नेमबाज हाताने भरलेली काडतुसं वापरतात. झाडलेली पितळी नळकांडी गोळा करून आणायची, धुवायची, एकेक मोजून पाहायची, आणि प्रत्येकात अगदी तेवढीच दारू घालून तशीच गोळी तेवढ्याच खोलीवर बसवायची. शरीफचाचांच्या टेबलावर नळकांडी पन्नास-पन्नासच्या रांगांत उभी होती. प्रार्थनेला उभ्या शाळेतली मुलंही इतकी सरळ उभी राहत नसतील.

"आयुष्यात थेंबाला शिवलो नाय," चाचा म्हणाले, "आणि जन्मभर दारू मोजतोय. माझी अमीरुन्निसा तिकडे शेजारणींना सांगते, आमचे हे ओमानमध्ये वजनकाट्यावर असतात म्हणून."

आता मात्र जूनपासून काहीतरी बिनसलं होतं. क्लबातली सगळ्यात चांगली नेमबाज, हिबा नावाची पोरगी, ऑक्टोबरमध्ये निवड चाचणीला जायची होती. तिच्या गोळ्या डावी-उजवीकडे फारशा हलत नव्हत्या, पण वर-खाली हातभर पसरत होत्या. रायफल तपासून झाली, दुर्बीण तपासून झाली. मग क्लबप्रमुख कर्नलसाहेबांनी कारखान्यातली काडतुसं मागवून पाहिली, तर ती शरीफचाचांच्या काडतुसांपेक्षा बरी लागली. येत्या रविवारी ते त्यांची मोठी ऑर्डर देणार होते. ही खोली बंद होणार होती आणि चाचांना फाटकावर नोंदवहीपाशी बसवणार होते.

"पगार तोच देतो म्हणाला अर्बाब," चाचा कर्नलसाहेबांबद्दल म्हणाले. "माणूस वाईट नाय. पण गाड्यांचे नंबर लिहायला शिकलो काय मी बावीस वर्षं? रायफल ठीक, दुर्बीण ठीक. आता राहिला एक काटा, आणि एक हा हात." त्यांनी उजवा हात पुढे केला. तो जरासुद्धा थरथरत नव्हता.

"पाच भरून दाखवता?" पूर्वा म्हणाली.

चाचांनी पाच काडतुसांची दारू मोजली. शेवटचे दोन-तीन दाणे ते चिमटीतून असे सोडत होते, की पूर्वाला आपल्या प्रॅक्टिकलच्या बाई आठवल्या. पाचही वेळा काट्यावर तोच आकडा. पण ते लिहायला प्रमाणपत्रात रकाना नव्हता. रकाना फक्त काट्याचा होता. तिने सही केली.

कर्नलसाहेबांनी चष्मा वर सरकवून प्रमाणपत्र वाचलं. "म्हणजे काटा निर्दोष. " ते इंग्रजीत म्हणाले. मग अरबीत "शुक्रन" म्हणून आभार मानले आणि त्यांनी शरीफचाचांकडे पाहिलं. रागाने नाही. रागाने पाहिलं असतं तर बरं वाटलं असतं.

दार्सैतला घरी आल्यावर तिने नवऱ्याला, स्वरूपला, सगळं सांगितलं.

"तू काटा तपासलास, तो बरोबर होता. खलास," स्वरूप म्हणाला. "तुझं काम संपलं."

"माझ्या सहीमुळे त्या माणसावर ठपका बसला."

"सहीमुळे नाही, काट्यामुळे."

"काटा मी तपासला. हात तपासायला मला कुणी सांगितलंच नाही."

स्वरूपने तिच्याकडे पाहिलं. बारा वर्षांच्या संसारात त्याला हा सूर ओळखू येऊ लागला होता. "गाडीत पेट्रोल भरून ठेवतो," तो म्हणाला.

शनिवारी उजाडता उजाडता ती बरका गावाच्या पलीकडे क्लबाच्या मैदानावर पोचली. सप्टेंबर असला तरी हवा ओल्या टॉवेलसारखी अंगाला चिकटत होती. पुढे सपाट माळ आणि त्याच्या टोकाला खडकाळ टेकडी. टेकडीच्या पायथ्याशी पांढरा ठिपका दिसत होता, ते निशाण. ठिपका केवढा, तर दारावर लावलेल्या टपाल तिकिटाएवढा.

हिबा सव्वीस-सत्तावीसची होती. आठवडाभर बँकेत बसायची आणि सुट्टीच्या दोन्ही दिवशी इथे पोटावर आडवी पडायची. तिने पूर्वाशी इंग्रजीत बोलत हात मिळवला आणि चाचांना मात्र हिंदीत टोमणा मारला, "शरीफ, आज काडतूस को समझाया ना? सीधा जाने का!"

"समझाया, बहुत समझाया," चाचा म्हणाले. "तुम ट्रिगर को समझाओ."

चाचांनी आपल्या निळ्या पेटीतून दहा काडतुसं काढली, एकेक फडक्याने निगुतीने पुसलं आणि हिबाच्या उजव्या हाताशी लाकडी मांडणीत उभं केलं. मग तिघांनी कानांवर आवाज अडवणारे मफ चढवले.

गोळी सुटली. दूर निशाणाचा कागद खाली गेला आणि काही क्षणांनी वर आला. निशाणाखालच्या खंदकात बसलेल्या माणसांनी भोकात नारिंगी चकती खोचली होती. दुर्बिणीतून ती स्पष्ट दिसत होती. पुन्हा गोळी, पुन्हा चकती. मिनिटाला एक.

"हा क्रम कोण लिहून ठेवतं?" तीन गोळ्यांनंतर पूर्वाने विचारलं.

"कसला क्रम?" हिबा म्हणाली. "शेवटी कागद येतो ना. त्याच्यावर सगळी भोकं दिसतात."

"भोकं दिसतात. पण पहिलं कुठलं आणि आठवं कुठलं, ते दिसत नाही."

हिबाने चाचांकडे पाहिलं. चाचांनी खांदे उडवले. बावीस वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

पूर्वाने पिशवीतून आलेखाची वही काढली. पहिल्या तीन चकत्या तिला आठवत होत्या. त्या मांडल्या आणि पुढच्या प्रत्येक गोळीनंतर एकेक ठिपका देत गेली. आठ गोळ्या झाल्यावर तिने हिबाला थांबवलं आणि वही दाखवली. ठिपके जिन्याच्या पायऱ्यांसारखे चढत गेले होते. पहिली गोळी सगळ्यात खाली, आठवी सगळ्यात वर.

"या गोळ्या वाट्टेल तशा पसरत नाहीयेत," पूर्वा म्हणाली. "शिस्तीत वर चढताहेत."

"नळी तापत असेल," हिबा म्हणाली.

"असेल. पाहू या. उरलेली दोन तशीच राहू देत. नळी गार होईपर्यंत थांबायचं."

वीस मिनिटं तिघं सावलीत बसली. हिबाने थर्मासमधला कहवा ओतला, खजूर पुढे केले, आणि चाचांनी लग्न, बँक आणि पुन्हा लग्न असे प्रश्न विचारून तिला पुरतं बेजार केलं. नळी हात लावण्याजोगी झाल्यावर हिबा पुन्हा आडवी झाली. मांडणीतली नववी आणि दहावी गोळी झाडली. दोन्ही वर लागल्या, अगदी आठवीच्या शेजारी.

"नळी गार होती," पूर्वा म्हणाली. "तरी वर. आता पेटीतलं नवीन एक द्या, लगेच."

चाचांनी नवीन काडतूस पुसून दिलं. कागद वर आला, तर चकती थेट खाली, पहिल्या गोळीच्या जागी.

हिबा कोपरांवर उठून बसली. "हे कसं शक्य आहे? रायफल तीच, मी तीच!"

"काडतूस वेगळं," पूर्वा म्हणाली. "एक बराच वेळ मांडणीत उभं होतं, दुसरं आत्ता पेटीतून आलं." ती उठली, निळ्या पेटीपाशी गेली आणि तिने झाकण उघडलं.

मनगटावर गारठा आला. आत टॉवेल होता, टॉवेलखाली बर्फाच्या पिशव्या आणि त्यांच्यावर काडतुसांचे डबे. तिने एक काडतूस उचललं. बघता बघता त्यावर बारीक दव धरलं आणि तिचा तळवा ओला झाला. मग तिचं लक्ष चाचांच्या हातातल्या फडक्याकडे गेलं. ते पिळून काढण्याइतकं भिजलं होतं.

"चाचा, हे बर्फात?"

"मग!" चाचा अभिमानाने म्हणाले. "मे महिन्यात एकदा डबा गाडीत उन्हात राहिला होता, तर सगळ्या गोळ्या वर गेल्या. ही पोरगी केवढी ओरडली मला! तेव्हापासून ठरवलं, उन्हाचा वारासुद्धा लागू द्यायचा नाय. माझा बाप हर्णैच्या बंदरावर मासळी घ्यायचा. बर्फात घातली की दुसऱ्या दिवशीपण ताजी. घरून निघताना पेटीत भरतो, पोचेपर्यंत कशी टवटवीत!"

पूर्वाला हसू आवरणं कठीण गेलं, पण तिने आवरलं. "चाचा, दारू थंड असली की हळू जळते. गोळी कमी वेगाने सुटते आणि हजार मीटर जाईपर्यंत खाली उतरते. उन्हात तापली की उलटं होतं, ते तुम्ही मे महिन्यात पाहिलंच. तुम्ही दहा काडतुसं एकदम बाहेर काढता. पहिलं बर्फासारखं गार सुटतं. दहाव्याची पाळी येईपर्यंत ते हवेइतकं कोमट होतं. म्हणून जिना."

 चाचांनी फडक्याकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं.

"म्हणजे मीच?" अखेर ते म्हणाले. "दाणा दाणा मोजून भरायचं मी, आणि वाट लावायची पण मीच?"

"एक सांगा," पूर्वाने विचारलं. "कारखान्यातली काडतुसं झाडून पाहिली, तेव्हा ती या पेटीत ठेवली होती?"

"छट्! ती कशाला ठेवू?" चाचा उसळून म्हणाले. "परक्याची पोरं मी काय म्हणून थंडाव्यात बसवू? पडली होती तिकडे बाकावर."

पूर्वाने हे हिबाला इंग्रजीत सांगितलं आणि हिबा चटईवर पालथी पडून हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला. चाचा आधी रागावले, मग त्यांची दाढी हलू लागली आणि मग तेही हसले, कपाळावर हात मारून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

तेवढ्यात फाटकापाशी धूळ उठली. कर्नलसाहेबांची पांढरी गाडी येत होती. चाचांचं हसू जागच्या जागी थांबलं.

"बाय," ते हळूच म्हणाले, "काटा बिघडलाय असं अजून लिहिता यायचं नाय का?"

"नाही, चाचा."

"नाय ना? मग मीच सांगतो." त्यांनी टोपी सारखी केली. कर्नलसाहेब उतरले तशी ते पुढे झाले आणि हिंदीत, मध्ये मध्ये अरबी घालत, त्यांनी सगळं सांगून टाकलं. बर्फ, बंदर, मासळी, बापाचं नाव, काही गाळलं नाही.

कर्नलसाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग ते पूर्वाकडे वळले. "छान गोष्ट आहे. पण मी तीस वर्षं नेमबाज पाहतोय. गोळी चुकली की प्रत्येकाला कारण सापडतं. ऊन, वारा, रात्रीची झोप. आता बर्फ. हे खरं कशावरून?"

पूर्वाला हा प्रश्न आवडला. तिच्याही मनात तोच आला होता.

"गोळी कुठे लागेल ते आधी सांगता येतं की नाही ते बघा," ती म्हणाली. "पाच काडतुसं पेटीतली घेते, पाच बाकावर सावलीत ठेवलेली. कुठल्या क्रमाने झाडायची आणि कुठली वर, कुठली खाली लागेल ते मी आत्ता कागदावर लिहून तुमच्याकडे देते. हिबाला काही कळणार नाही. प्रत्येक काडतूस चाचा स्वतः रायफलीत भरतील, ती फक्त नेम धरेल. तुम्ही दुर्बिणीतून बघा आणि वर की खाली ते लिहा. मग ताडून पाहू."

कर्नलसाहेबांच्या भुवया वर गेल्या. त्यांनी घडी घातलेला कागद घेतला आणि आपल्या पांढऱ्या पायघोळ दिश्दाशाच्या खिशात ठेवला. पाच काडतुसं बाकावर हवेइतकी होईपर्यंत अर्धा तास गेला. त्या अर्ध्या तासात चाचा एकदाही बसले नाहीत.

मग सुरू झालं. पूर्वा बोटाने खुणावायची, पेटी की बाक. चाचा काडतूस पुसायचे, भरायचे आणि मागे सरायचे. पुसताना त्यांच्या ओठांची हालचाल होत होती. दुवा असावी. कर्नलसाहेब तिपाईवरच्या दुर्बिणीला डोळा लावून पुटपुटत होते आणि लिहीत होते. खाली. वर. वर. खाली. सहाव्या गोळीनंतर त्यांनी दुर्बिणीवरचा डोळा काढून एकदा शरीफचाचांकडे पाहिलं आणि पुन्हा डोळा लावला.

दहावी चकती वर आली. कर्नलसाहेबांनी खिशातला कागद काढला आणि आपल्या कागदाशेजारी धरला. बोट ओळीओळीने खाली सरकत गेलं. सातव्या ओळीवर अडलं.

"हे जुळत नाही," ते म्हणाले. "तुम्ही लिहिलंय वर. गोळी मधेच लागलीय."

चाचांनी डोळे मिटले.

"ती माझी," हिबा चटईवरून म्हणाली. "श्वास सुटला. बोट दाबतानाच मला कळलं होतं. काडतुसाचा काही दोष नाही."

कर्नलसाहेबांनी बाकीच्या ओळी पाहिल्या. मग निशाणाचा कागद मागवला. तो जीपमधून आला. कागद गाडीच्या बॉनेटवर पसरल्यावर पूर्वाने बाकावरच्या काडतुसांची भोकं पेन्सिलीने गोल केली. सातवं सोडलं तर चारही कर्नलसाहेबांच्या तळहाताखाली झाकली गेली. त्यांनी हात उचलला, पुन्हा ठेवला, पुन्हा उचलला. हजार मीटरवरून तळहाताएवढ्या जागेत.

"कारखान्याची एवढ्या जागेत बसली नव्हती," ते स्वतःशीच म्हणाले.

"कुठून बसणार?" चाचांच्या तोंडून मराठीतच निसटलं. सुदैवाने ते फक्त पूर्वाला कळलं.

कर्नलसाहेबांनी दोन्ही कागदांची एकत्र घडी केली. "शरीफ," ते हिंदीत म्हणाले, "हिबाला चाचणीसाठी दोनशे काडतुसं लागतील. कधी देतोस?"

 चाचा म्हणाले, "इन्शाल्ला, लवकरच."

"इन्शाल्ला आहेच. तारीख सांग."

"गुरुवार. दुपारी चार वाजता."

"आणि बर्फ?"

"खलास, अर्बाब. सावली, फक्त सावली."

कर्नलसाहेब हसले आणि खजुरांकडे वळले. हिबा उठून कपड्यांवरची धूळ झटकत होती. पूर्वाने वही पिशवीत ठेवली. सही करायला आज तिच्याकडे कुठलाच कागद नव्हता, आणि तिला त्याचं काही वाटलं नाही.

शरीफचाचा मात्र तोवर क्लबाच्या इमारतीच्या निम्म्या वाटेवर पोचले होते. रिकामी नळकांडी भरलेली थैली खांद्यावर खुळखुळत होती.

"चाचा, आज सुट्टी आहे!" पूर्वा मागून ओरडली. "कहवा तरी घ्या!"

"सुट्टी तुमची," चाचा न थांबता म्हणाले. "दोनशे नळकांडी धुवायची हायत, बाय. गुरुवारला दिवस राहिले किती?"